शहराच्या बँडचा इतिहास लिहायचा तर

बँडमास्तरांच्या घरी गेल्यावर आधी सुपारीची वही मागा. फोटो सगळेच मागतात, आणि ते भिंतीवर टांगलेले असल्यामुळे सापडतातही. वही मात्र पत्र्याच्या पेटीत जुन्या वर्दीखाली नाहीतर माळवदाच्या घरातल्या एखाद्या कोनाड्यात पडलेली असते. कोणत्या तारखेला, कोणाच्या दारात, किती माणसं घेऊन बँड वाजला, विसार किती मिळाला आणि बाकी किती राहिली, हे तिच्यात ओळीने लिहिलेलं असतं. शहराच्या सणसमारंभांची इतकी नेमकी नोंद दुसऱ्या कागदात क्वचितच मिळते. आणि रद्दीत सर्वांत आधी हीच वही जाते, कारण घरच्यांना तिच्यात फक्त बुडालेली उधारी दिसते.

युरोप-अमेरिकेतली शहरं आपल्या वाद्यवृंदाचा इतिहास सांगू शकतात ती अशाच कागदांच्या बळावर. लाइपझिगमध्ये १७४३ साली सोळा जणांनी मिळून सोळा वादकांचा खर्च उचलला. पुढे १७८१ मध्ये कापडवाल्यांच्या इमारतीत सभागृह मिळालं आणि त्या इमारतीवरूनच वाद्यवृंदाला गेवांडहाऊस हे नाव पडलं. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा पहिला कार्यक्रम ७ डिसेंबर १८४२ ला झाला. तेव्हापासूनच्या कार्यक्रमांची यादी आज कोणालाही इंटरनेटवर पाहता येते, जुन्या कार्यक्रमपत्रिका आणि पेन्सिलीच्या खुणा असलेली स्वरलिपीची पानंसुद्धा. मुंबईत मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, आणि २००६ पासून तिथल्या एनसीपीए या कलासंस्थेचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. मराठवाड्यात सिम्फनी उभी राहिली नाही. पण क्लॅरिनेट, ट्रंपेट आणि ट्रॉम्बोन लाइपझिगमध्ये वाजतात तसे मोंढ्यातल्या, म्हणजे घाऊक बाजारातल्या, गणपतीपुढेही वाजतात. जालना, नांदेड, परभणी, लातूर, बीड यांपैकी कोणत्याही शहराला स्वतःचा वाद्यवृंद म्हणायचा असेल तर तो ब्रास बँडच. त्याचा इतिहास लिहिण्याची ही पद्धत आहे.

आधी हद्द आखा

आपल्याकडे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की स्टेजवर सिनेमाची गाणी म्हणणारा संच डोळ्यांपुढे येतो. सनई-चौघडा वेगळा, हलगी-संबळाचा ताफा वेगळा, ब्रास बँड वेगळा आणि गाड्यावर कीबोर्ड ठेवून निघणारी बेंजो पार्टी वेगळी. एकाच घरातल्या तीन पिढ्यांनी यातले तीन प्रकार वाजवलेले असतात, म्हणून ते वेगळे करताना गोंधळ होतो. एक शहर आणि एक प्रकार धरा; बाकीचे प्रकार जिथे त्या घराच्या वाटेत येतील तिथेच घ्या. ‘मराठवाड्यातले सगळे बँड’ असा विषय घेतला तर काम तिसऱ्या महिन्यात थांबतं. शहरात सध्या आणि पूर्वी मिळून किती बँड होते याची यादी पहिल्या आठवड्यातच करा. त्यासाठी वर्दी शिवणारा शिंपी, ढोलाला कातडं चढवणारा कारागीर, लग्नपत्रिका छापणारा प्रेसवाला आणि जुना मंडपवाला या चौघांना भेटा. बंद पडलेल्या बँडची नावं बँडवाल्यांपेक्षा यांना जास्त आठवतात.

कागद कुठे शोधायचे

जिल्हे बदलले आणि नावं बदलली हे ध्यानात ठेवलं नाही तर चुकीच्या कपाटात महिना जातो. जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला, लातूर १६ ऑगस्ट १९८२ ला, हिंगोली १ मे १९९९ ला. म्हणून लातूरचा सत्तर सालचा कागद उस्मानाबाद जिल्ह्याच्या नावाखाली आणि हिंगोलीचा परभणीच्या नावाखाली निघेल. अंबाजोगाई जुन्या कागदांत मोमिनाबाद आहे. १९५६ पूर्वीचा सरकारी कागद हैदराबाद संस्थानाचा किंवा हैदराबाद राज्याचा. त्यातला बराच हैदराबादच्या पुराभिलेखागारात आहे आणि संस्थानी काळातला बहुतेक उर्दूत आहे. उर्दू वाचणारा माणूस सुरुवातीलाच सोबतीला घ्या. शहरातल्या जुन्या शाळेतले निवृत्त उर्दू शिक्षक हे काम आनंदाने करतात.

लष्करी मूळ शोधताना जालना, हिंगोली, मोमिनाबाद आणि औरंगाबाद या चार छावण्या डोळ्यांपुढे ठेवा. हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या इंग्रजी अंमलाखालच्या फौजेच्या, पलटणी इथे होत्या आणि १९०३ मध्ये ही फौज हिंदुस्थानी लष्करात मिसळली गेली. पलटणीबरोबर बँड असतो, त्यामुळे ‘आमचे पणजोबा पलटणीत वाजवायचे’ हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकू येईल. ते खरं असू शकतं. पण पेन्शनचा कागद, पलटणीचा बिल्ला किंवा नाव असलेला दाखला हाती आल्याशिवाय ‘घरात असं सांगितलं जातं’ एवढंच लिहा.

वर्तमानपत्रांचे जुने अंक चाळताना बातम्यांपेक्षा जाहिराती बघा. गणेशोत्सवाच्या आधीचे दहा दिवस, १४ एप्रिलच्या आसपासचे आठ दिवस, दसरा आणि निवडणुकीच्या निकालाचा दुसरा दिवस एवढे अंक प्रत्येक वर्षाचे पाहिले तर वर्षाला एक बैठक पुरते. गणेश मंडळांच्या वर्गणीच्या पावत्या आणि जमाखर्चाची पत्रकं फार मोलाची असतात. लाइपझिगच्या त्या सोळा जणांची आज आठवण निघते, कारण पैसे कोणी दिले हे लिहून ठेवलेलं होतं. आपल्याकडे मोंढ्यातल्या आडत्यांनी, कापडबाजाराने, हमालांच्या मंडळांनी बँडसाठी किती दिले ते याच पावत्यांवर आहे.

तारखा आणि पैसे उलगडताना

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश जाऊ.

संस्थानी काळातल्या कागदावर फसली, म्हणजे महसुली, साल असतं. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजुर महिन्यापासून सुरू होई. पुढचे महिने असे: दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दिबिहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहेर आणि आबान. कागद ऑक्टोबर ते डिसेंबरमधला असेल तर फसली सालात ५९० मिळवा; जानेवारीपासून पुढे ५९१. म्हणजे ‘दै १३५०’ हा नोव्हेंबर-डिसेंबर १९४० झाला, आणि ‘खुर्दाद १३५०’ हा एप्रिल-मे १९४१. बहमन दोन्हीकडे पसरतो, तिथे दिवस पाहावा लागतो. सरसकट ५९० मिळवल्यामुळे उन्हाळ्यातली लग्नं एक वर्ष मागे पडतात. एकदा असं झालं की त्या आधारावर मांडलेला सगळा क्रम बिघडतो. सोलापूर-नगरकडच्या इंग्रजी मुलुखातली फसली वेगळ्या महिन्यात सुरू होत असे, तेव्हा कागद कुठला आहे तेही बघा. शके साल असेल तर ७८ मिळवा. पौष ते फाल्गुन या महिन्यांत बहुधा ७९.

पैशांचंही तसंच. मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलुखात, हाली सिक्का चालत असे आणि इंग्रजी रुपयाला कलदार म्हणत. ७ हाली म्हणजे ६ कलदार हा भाव धरा. एका सुपारीपोटी ३५ हाली मिळाले असतील तर ते ३० कलदार होतात. वहीत नुसतं ‘रु. ३५’ असेल आणि सुपारी बार्शी किंवा सोलापूरची असेल, तर ते कलदार असण्याची शक्यता जास्त. न समजता दोन्ही रकमा एका रकान्यात मांडल्या तर एका हंगामात बिदागी अचानक वाढली असं वाटतं, आणि लिहिणारा त्याचं भलतंच कारण शोधत बसतो.

तारीख नसलेल्या कागदासाठी काही खुणा आहेत. आणे-पै लिहिले असतील तर कागद बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा, पण सवयीने पुढची काही वर्षंही लोक आणे लिहीत राहिले. लेटरहेडवर सहा आकडी पिनकोड असेल तर तो १५ ऑगस्ट १९७२ नंतरच छापलेला. ‘औरंगाबाद (दक्षिण)’ असा पत्ता जुनेपणा दाखवतो. वहीत किंवा स्वरलिपीच्या पानावर सिनेमाच्या गाण्याचं नाव असेल तर तो सिनेमा कधी आला ते पाहा. पान त्याआधीचं असू शकत नाही.

प्रत्येक वहीतली नोंद एकाच साच्यात उतरवा: तारीख (मूळ आणि इंग्रजी), गाव, प्रसंग, वादक किती, बिदागी, विसार, प्रवास कशाने आणि नोंद कोणत्या वहीच्या कोणत्या पानावर आहे. शेवटचा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण तोच सोडला तर सहा महिन्यांनी आपल्यालाच आपली नोंद तपासता येत नाही. यजमानांची नावं स्वतःच्या टिपणात ठेवा, छापू नका. कोणाच्या लग्नाची बाकी राहिली होती हे त्यांच्या नातवंडांनी पुस्तकात वाचायची गरज नाही.

वाद्यांचं वाचन

जुनं वाद्य हाती आलं की घरची मंडळी प्रेमाने ते पितांबरीने घासून आणतात. त्यांना आधीच नम्रपणे थांबवा. घासण्याने कोरलेली अक्षरं झिजतात. मऊ कोरड्या कापडाने धूळ पुसा, टॉर्च बाजूने तिरका धरा आणि घंटेच्या, म्हणजे वाद्याच्या पसरट तोंडाच्या, बाहेरच्या अंगाचा फोटो घ्या. ट्रंपेट, कॉर्नेट आणि युफोनियमवर मधल्या पिस्टनच्या नळकांड्यावर बहुधा क्रमांक असतो, तोही टिपा.

कारखान्याचं नाव काळ सांगतं. नुसतं ‘बूझी अँड कंपनी’ किंवा नुसतं ‘हॉक्स अँड सन’ असेल तर वाद्य १९३० च्या आधीचं, कारण त्या साली दोन्ही कंपन्या एक झाल्या. ‘बूझी अँड हॉक्स’ असेल तर त्यानंतरचं. मेरठचा शिक्का असेल तर ते वाद्य भारतीय बनावटीचं आहे. तिथल्या जली कोठी भागात आजही देशभरातल्या बँडसाठी पितळी वाद्यं बनतात. मात्र वाद्य जुनं म्हणजे बँड तितकाच जुना, असा हिशेब करू नका. पलटणींची आणि मोडलेल्या बँडची वाद्यं बाजारात फिरत राहतात. वाद्य या घरात कधी आलं याची पावती किंवा साक्ष वेगळी लागते.

काही वाद्यांवर ‘एच.पी.’ अशी दोनच अक्षरं सापडतात. त्यांचा अर्थ चढी पट्टी. इंग्रजी लष्करी बँड पूर्वी ‘ए’ हा सूर सुमारे ४५२ कंपनांना लावत, आजचा प्रघात ४४० चा आहे. फरक जवळपास अर्ध्या पट्टीचा पडतो, म्हणजे पेटीवरच्या पांढरी एक आणि काळी एक यांच्या साधारण मधोमध. अशी एक क्लॅरिनेट नव्या वाद्यांत मिसळली तर सगळा बँड बेसूर वाटतो. नळ्या कितीही ओढल्या तरी ती पूर्ण उतरत नाही, आणि ओढल्यामुळे वरचे-खालचे सूर आपसांत बिघडतात. एखाद्या मास्तरने चांगलं दिसणारं विलायती वाद्य का टाकून दिलं, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. लष्करात ही पट्टी १९२९ च्या सुमारास बदलली, पण इंग्लंडातले ब्रास बँड १९६० च्या दशकापर्यंत चढ्या पट्टीत वाजवत होते. म्हणून नुसत्या ‘एच.पी.’ शिक्क्यावरून वाद्याचं वय ठरवू नका.

ध्वनिमुद्रण करताना पट्टीही लिहा. साधी बी-फ्लॅट क्लॅरिनेट, ट्रंपेट आणि युफोनियम यांचा ‘सी’ पेटीवरच्या काळी पाचला येतो, आणि आल्टो सॅक्सोफोनचा काळी दोनला. जुना वादक ‘आम्ही सीमध्ये वाजवायचो’ म्हणतो तेव्हा तो वाद्याचा सी सांगतोय की पेटीचा, हे तिथल्या तिथे वाजवून घेऊन ठरवा.

माणसांशी बोलताना

वेळ निवडणं अर्धं काम आहे. तुळशीच्या लग्नापासून आषाढ लागेपर्यंत लग्नसराई असते, तेव्हा कोणाला दोन तास मिळत नाहीत. आषाढ आणि श्रावणातला पहिला पंधरवडा उत्तम. त्यानंतर गणपतीचा सराव सुरू होतो. पेरण्या आणि खुरपणी चालू असेल तर सकाळी न जाता संध्याकाळी जा. बीड, केज, धारूर, पाटोद्याकडची काही घरं दसऱ्या-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. तिकडे होळीनंतरच जावं.

मुलाखत मास्तरांपासून सुरू करा, पण तिथे संपवू नका. मालक आणि मास्तर एकच असेल तर त्याच्या तोंडून बँडची कीर्ती कळते. रोजावर वाजवणाऱ्या साईड ड्रमवाल्याकडून मजुरी, भांडणं आणि रात्री गावाबाहेर काढलेले मुक्काम कळतात. डोक्यावर बत्ती घेऊन चालणाऱ्यांत बायका आणि पोरंही असत. त्यांना कोणीच विचारलेलं नसतं. वर्दीची बटणं लावणाऱ्या, रात्री दोनला येणाऱ्यांसाठी भाकरी झाकून ठेवणाऱ्या घरच्या बायांना हंगामाचा हिशेब तोंडपाठ असतो.

‘कोणत्या साली?’ हा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी आहे. माणूस अंदाजाने गोल आकडा सांगतो आणि पुढे तोच खरा मानून चालतो. प्रसंगाला गाठ मारून विचारा:

“मास्तर, तुम्ही पहिल्यांदा वर्दी घातली तेव्हा रझाकारी होऊन गेली होती का?”

“चाचा, बहात्तरच्या दुष्काळात लग्नं कशी व्हायची? बँड लावायचे का लोक, की तुम्हीपण खडी फोडायला होता?”

“मामा, नामांतराच्या वेळी जयंतीची मिरवणूक निघाली का? कोण वाजवायला होतं?”

लातूर-धाराशिवकडे आणखी एक गाठ आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, आणि आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन होतं. त्या भागातल्या वादकांना आपण त्या रात्री कोणत्या गावात वाजवत होतो हे लख्ख आठवतं. ही आठवण तारखेसाठी वापरायची असेल तर फार जपून विचारा, आणि समोरचा गप्प झाला तर यंत्र बंद करून चहा घ्या. तो दिवस तिथेच थांबवलेला बरा.

मोबाइल विमान मोडवर टाका, पंखा आणि कूलर बंद करा, फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर कापडाच्या घडीवर ठेवा. स्टीलच्या टेबलावर ठेवला तर प्रत्येक कप ठेवल्याचा ठणका रेकॉर्ड होतो. सुरुवातीलाच तारीख, गाव, नाव आणि ‘हे छापायला आणि इतरांना ऐकवायला हरकत नाही’ ही संमती त्यांच्याच आवाजात घ्या. दीड तासाच्या पुढे बसू नका. दुसरी भेट ठेवा. दुसऱ्या भेटीत पहिल्या भेटीतलं चुकीचं नाव बहुतेक वेळा ते स्वतःच दुरुस्त करतात. ध्वनिफितीच्या तीन प्रती हव्यात, त्यातली एक दुसऱ्या घरात.

जुनी धून वाजवून घेताना आधी एकट्याने, मग सगळ्यांनी मिळून वाजवायला सांगा. थेट सगळ्यांची घेतली तर ढोलाखाली क्लॅरिनेटच्या हरकती बुडतात, आणि मास्तरची ओळख त्या हरकतींमध्येच असते. उघड्या अंगणात ढोल वादकापासून वीस पावलं मागे ठेवला की आवाजाचा तोल बरा जमतो.

फोटो घरातच स्कॅन करा, नेऊ नका. पोस्टकार्डाएवढ्या छापील फोटोला ६०० डीपीआय पुरतं. मागची बाजूही घ्या. स्टुडिओचा शिक्का तिथे असतो. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेवरूनच तिरक्या उजेडात टिपा. लॅमिनेशन केलेलं असेल तर तसंच ठेवा आणि नवं करू देऊ नका. उष्णतेने चिकटवलेला थर पुन्हा सुटत नाही. फोटोतली नावं लिहायची तर झेरॉक्सवर माणसांना आकडे द्या, मूळ फोटोमागे बॉलपेनने लिहू नका.

बँडने शहरात काय केलं

वह्या आणि मुलाखती हाती आल्या की प्रसंगांची मोजणी करा. लग्नाची वरात आणि परण्या, गणपती, शिवजयंती, आंबेडकर जयंती, उरुसाचा संदल, १५ ऑगस्टचं आणि १७ सप्टेंबरचं झेंडावंदन, निवडणुकीचा विजय, म्हाताऱ्या माणसाची वाजतगाजत निघालेली अंत्ययात्रा असे प्रसंग दर दहा वर्षांच्या तुकड्यात किती, ते मांडा. यातून शहराचा स्वभाव दिसतो. जयंतीच्या सुपाऱ्या कोणत्या वर्षापासून वाढल्या, संदलला आणि गणपतीला तोच बँड जात होता का आणि कधी थांबला, डीजे आल्यावर आधी कोणता प्रसंग हातचा गेला, या प्रश्नांची उत्तरं वहीत आकड्यांनी मिळतात.

एक विषय मात्र आकड्यांत सापडत नाही, आणि तो टाळून लिहिलेला इतिहास खोटा ठरतो. वाजवणारे कोण होते? हलगी, डफडं, सनई ही कामं गावगाड्यात जातीवर लादलेली होती. बँडमध्ये मातंग, बौद्ध, मुस्लिम घरांतली माणसं मोठ्या संख्येने आहेत. ज्यांच्या सुरांशिवाय नवरदेव मारुतीच्या पारावर निघत नव्हता, त्यांना त्याच लग्नात पंगतीत बसायला मिळालं का, पाणी कोणत्या भांड्यातून मिळालं, देवळात मिरवणूक शिरल्यावर बँड पायरीपाशी थांबत होता का, हे विचारा. थेट विचारा, आदराने विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत ठेवा. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक घरांनी गावकीची कामं सोडली, त्यात वाजवणंही सुटलं. काहींनी मात्र ब्रास बँडची वर्दी निवडली, कारण त्यात ठरलेला मोबदला होता आणि बलुत्याची लाचारी नव्हती. तुमच्या शहरात यातलं काय घडलं हे घरोघर वेगळं निघेल. म्हणून सरसकट वाक्य लिहू नका.

देवगिरीचा मोह

मराठवाड्यात संगीतावर लिहिणाऱ्याला देवगिरी खुणावतेच. तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या दरबारी शार्ङ्गदेव जमाखर्चाच्या मोठ्या हुद्द्यावर होता आणि तिथेच त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात वृंदाची, म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या संचाची, मोजणी आहे. उत्तम वृंदात चार मुख्य गायक, आठ साथीचे गायक, बारा गायिका, चार बासरीवाले आणि चार मृदंगवाले, एकूण बत्तीस. यापेक्षा मोठ्या जमावाला तो कोलाहल म्हणतो. आपल्या मातीत सातशे-आठशे वर्षांपूर्वी कोणीतरी वाद्यवृंदाची माणसं मोजून लिहून ठेवली, ही गोष्ट पुस्तकात जरूर यावी.

पण तिथून आजच्या बँडपर्यंत सरळ रेघ ओढू नका. मधल्या काळाचा पुरावा नाही आणि बँडची वाद्यं, शिकवण्याची रीत, माणसं सगळी दुसऱ्या वाटेने आलेली आहेत. शार्ङ्गदेवाकडून उचलायची ती मोजण्याची सवय. प्रत्येक दशकातल्या एका वर्षाचा हजेरीपट तयार करा: क्लॅरिनेट किती, ट्रंपेट किती, युफोनियम, ट्रॉम्बोन, साईड ड्रम, ढोल, झांज आणि बत्तीवाले किती. क्लॅरिनेट कमी होऊन कीबोर्ड कधी आला, युफोनियम कधी गायब झाला आणि त्याचा खालचा सूर पुढे कोणी भरला, हे त्या पटावरून एका नजरेत कळतं.

हमखास होणाऱ्या चुका

‘शंभर वर्षांची परंपरा’ बहुतेक बोर्डांवर असते. बोर्ड रंगवणाऱ्याने सुचवलेलं साल पुढे घराण्याचं साल होऊन बसतं. सर्वांत जुना लेखी पुरावा कोणत्या वर्षाचा ते लिहा, आणि घरची आठवण त्याच्या शेजारी आठवण म्हणूनच ठेवा.

नाव तेच, मालक दुसरा असं फार वेळा होतं. बँड विकताना वाद्यं, वर्दी आणि नाव एकत्र जातात. उलट, भावांच्या वाटणीत एकाच बँडचे दोन होतात आणि दोघेही मूळ आपणच असल्याचं सांगतात. अशा वेळी निवाडा करू नका. वाटणीनंतर कोणती वाद्यं कोणाकडे गेली ते विचारा, दोघांची बाजू सारख्या जागेत छापा.

एकाच घरचे कागद जास्त मिळाले म्हणून पुस्तक त्या घराचं होऊन जातं. ज्यांच्याकडे पत्र्याची पेटीही उरली नाही त्यांच्यासाठी मुलाखतींची संख्या वाढवा.

कच्चा मजकूर तयार झाल्यावर

छपाईआधी मजकूर बँडच्या खोलीत, सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचा. अनेक वादकांना वाचनाची सवय नसते, आणि प्रत हाती दिली की ‘छान आहे’ म्हणून परत येते. कानावर पडलं की लगेच दुरुस्त्या येतात: हा ट्रंपेटवाला नव्हता, हा आमच्याआधी वारला, त्या गावाला आपण बैलगाडीने गेलो होतो. एकाने वाचायचं, दुसऱ्याने फक्त दुरुस्त्या लिहायच्या. दोन बैठका धरा.

आकार डेमी एक-अष्टमांश, ऐंशी पानांच्या आत ठेवा म्हणजे मधली शिलाई चालते आणि किंमत कमी राहते. शेवटी वादकांची पूर्ण यादी द्या. आडनावानुसार न देता वाद्यानुसार, आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं गाव. आयएसबीएन राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, अर्ज छपाईच्या महिनाभर आधी करा. स्कॅन केलेल्या वह्यांचा एक संच शहरातल्या मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयाला आणि एक विद्यापीठाच्या ग्रंथालयाला लेखी पोच घेऊन द्या. मूळ वह्या मात्र घरीच परत करा: आम्लमुक्त कागद मिळाला तर त्यात, नाहीतर धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून, वाळवी लागणार नाही अशा वरच्या फळीवर. आणि वही परत करताना ती कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंतची आहे हे चिठ्ठीवर लिहून वर बांधा, म्हणजे पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीच्या ढिगात जाणार नाही.